मागून येणाऱ्या गाडीसाठी ट्रकचा गार्ड

मोटारीच्या पुढे जाडजूड लोखंडी बंपर लावून घेण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे क्रॅश गार्ड आणि बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग ठरतात, असे स्पष्ट केले. फॅब्रिकेशनच्या दुकानात बनवून घ्यावा असा एक लोखंडी बंपर मात्र कायद्यालाच हवा आहे. तो म्हणजे ट्रकच्या मागे, हौद्याखाली लागणारा आडवा गार्ड. हा गार्ड ट्रकच्या रक्षणासाठी नसतो. मागून येऊन धडकणारी मोटार हौद्याखाली घुसू नये, एवढेच त्याचे काम.

ट्रकच्या हौद्याची पाटी जमिनीपासून मीटरभर किंवा त्याहून उंच असते. छोट्या मोटारीच्या पुढच्या भागातली धक्का सोसणारी पोलादी पट्टी साधारण ४० ते ५५ सेंटीमीटर उंचीवर असते. मध्ये अडवायला काही नसले, तर मोटारीचे बॉनेट हौद्याखालून निसटते आणि हौद्याची कड थेट पुढच्या काचेवर येते. अशा धडकेत चुरगळण्यासाठी मुद्दाम घडवलेला मोटारीचा पुढचा भाग कामालाच येत नाही. एअरबॅगही पुष्कळदा उशिरा उघडते, कारण तिच्या सेन्सरला अपेक्षित असलेला झटका वेळेवर बसत नाही. म्हणून गार्डची उंची ही पहिली गोष्ट आणि ताकद दुसरी. दोन्हींपैकी एक चुकली तरी गार्ड असून नसल्यासारखा.

आपल्याकडे यासाठी आयएस १४८१२ हे भारतीय मानक आहे. त्याची मापे फॅब्रिकेटरच्या भिंतीवर लिहून ठेवावीत अशी आहेत. रिकाम्या गाडीत गार्डची खालची कड जमिनीपासून ५५० मिमीहून वर नको. आडव्या तुळईची उभी उंची किमान १०० मिमी. लांबी मागच्या आसाच्या रुंदीबाहेर जायला नको, आणि प्रत्येक बाजूला १०० मिमीहून जास्त आखूडही नको. चाकांच्या बाहेरच्या कडा २४०० मिमी अंतरावर असतील, तर तुळई २२०० ते २४०० मिमीच्या दरम्यान हवी. गार्ड हौद्याच्या मागच्या टोकापासून फार आत नको. भार देऊन वाकल्यानंतरही ते अंतर ४०० मिमीच्या आत राहिले पाहिजे. तुळईची टोके मागे वळलेली किंवा धारदार नसावीत.

ताकदीची चाचणी तीन जागी होते. टायरच्या बाहेरच्या कडेपासून ३०० मिमी आत, म्हणजे तुळईच्या मोकळ्या टोकाजवळ, २५ किलोन्यूटन. तुळईच्या मध्यावर तितकाच. आणि मध्यापासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर, एकमेकांपासून ७०० ते १००० मिमी लांब असलेल्या दोन बिंदूंवर, प्रत्येकी १०० किलोन्यूटन. (गाडी हलकी असेल तर हे आकडे तिच्या एकूण वजनाच्या प्रमाणात कमी होतात. वीस टनांच्या पुढे पूर्ण भार.) एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर किलोचा भार, तेव्हा शेवटची अट दहा टनांची झाली. ट्रकच्या चासीच्या दोन पट्ट्या साधारण ८६० मिमी रुंदीत असतात, त्यामुळे हे दोन बिंदू नेमके पायांवर, म्हणजे तुळईला चासीशी जोडणाऱ्या उभ्या ब्रॅकेटवर, येतात. टोकाचा भार तुळईची परीक्षा घेतो आणि हा दहा टनांचा भार पायांची. बाजारात बनणारे बहुतेक गार्ड या दुसऱ्या परीक्षेत सपशेल नापास होतील.

दहा टनांचा आकडा मोठा वाटतो, पण तो चैनीचा नाही. हजार किलोची मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने येत असेल, तर तिच्यात सुमारे ९६ किलोज्यूल ऊर्जा असते. पुढचा भाग ६० सेंटीमीटर चुरगळून ती थांबली, तर सरासरी बल १६० किलोन्यूटन पडते. दोन पायांवर ते सारखे वाटले गेले तर प्रत्येकी ८०. पण मागून येणारा चालक शेवटच्या क्षणी स्टिअरिंग फिरवतो, मोटार एका कोपऱ्यावर आदळते आणि वाटणी बिघडते.

आता तुळई. पासिंगपुरता गार्ड म्हणून दोन इंची पाण्याचा पाइप सर्रास लावला जातो. वरच्या मापांच्या गाडीत चाचणीचा बिंदू पायापासून ४७० मिमी बाहेर येतो. तिथे भार दिला, तर हा ६०.३ मिमी व्यासाचा, ३.६ मिमी जाडीचा पाइप साधारण साडेचार किलोन्यूटनला वाकतो. हवे होते पंचवीस. शिवाय त्याची उंची १०० मिमी भरत नाही, ते वेगळेच.

यावर उपाय म्हणून कारागीर १०० बाय ५० चा चॅनेल, म्हणजे एक बाजू उघडी असलेली सी आकाराची पट्टी, सुचवतो. लोखंड चांगले, वजनही भरपूर, मीटरला साडेनऊ किलो. पण तो लावतो कसा? सपाट पाठ मागे करून, कारण तसा तो बंपरसारखा दिसतो आणि रेडियमची पट्टी चिकटवायला सोयीचा पडतो. चॅनेल तुळईसारखा उभा भार पेलण्यासाठी बनलेला असतो. त्या दिशेने त्याचा वाकण्याला विरोध ३७ घन सेंटीमीटर, तर आडव्या धक्क्याच्या दिशेने फक्त साडेसात. धडक आडवी येते, म्हणून हा भारदस्त दिसणारा चॅनेल चार किलोन्यूटनलाच वाकतो. पाइपपेक्षाही कमी!

असेच दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून वेल्ड केले की १०० बाय १०० ची पेटी तयार होते. दोघांच्या पाठी पुढच्या आणि मागच्या टोकाला जातात, म्हणजे धातू मध्यापासून जिथे सर्वांत दूर हवा तिथेच जाऊन बसतो. वाकण्याला विरोध साडेसातावरून ६९ वर जातो. लोखंड दुप्पट, ताकद नऊपट. टोकाला ही पेटी ३६ किलोन्यूटनपर्यंत न वाकता उभी राहते. वजन मीटरला १९ किलो. तयार चौकोनी नळी मिळत असेल तर तीच घ्यावी, असे आमचे मत. १०० बाय १०० बाय ५ मिमीची, ३१० मेगापास्कल ताकदीची नळी जवळजवळ तितकाच भार घेते आणि वजन मीटरला साडेचौदा किलोच भरते. २३०० मिमीच्या तुळईला ३३ किलो. वेल्डिंगही निम्म्याहून कमी. ४ मिमीची नळी हिशेबात कशीबशी बसते. पण पावसाळ्यातल्या गंजाला थोडी जाडी सोडायला हवी, म्हणून ५ मिमीच योग्य.

पायांचे गणित याहून कडक आहे. चासीच्या बोल्टपासून तुळईचा मध्य ४५० मिमी खाली असेल, तर १०० किलोन्यूटनचा धक्का पायाच्या मुळाशी ४५ किलोन्यूटन-मीटर इतका वाकवणारा जोर लावतो. नेहमीचा पाय म्हणजे १०० मिमी रुंद, ८ मिमी जाड पट्टी. ती सात किलोन्यूटनच्या आसपास वाकते. सात कुठे आणि शंभर कुठे! असा गार्ड धडकेत मोडत नाही, तो मुकाट्याने पुढे झुकतो आणि मोटार त्याच्यावरून आत जाते. तुळई मात्र शाबूत दिसते.

टेकू न देता पाय करायचा, तर प्रत्येक बाजूला १० मिमीच्या दोन प्लेटी आणि मुळाशी त्यांची रुंदी किमान २३५ मिमी लागते. ती खाली निमुळती करता येते, कारण जोर मुळाशी जास्त असतो. बोल्ट एम १६ (म्हणजे १६ मिमी व्यासाचा), दर्जा ८.८, प्रत्येक बाजूला सहा. तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी, ओळींमधले अंतर २४० मिमी. अशा मांडणीत प्रत्येक बोल्टवर सुमारे ६५ किलोन्यूटन येतात आणि तो ७५ च्या आसपास तुटतो. साध्या एम १२ बोल्टची तुटण्याची मर्यादा २० किलोन्यूटन आहे. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेले नसेल तर तो या कामाचा नाही.

जागा असेल तर तिरका टेकू द्यावा. तुळईच्या पातळीपासून पुढे आणि वर ४५ अंशांत चासीकडे जाणारा अँगल ७५ बाय ७५ बाय ६ मिमीचा घेतला, तर धक्का त्रिकोणात वाटला जातो. टेकूवर १४१ किलोन्यूटनचा दाब येतो, पायावर १०० चा ताण, आणि वाकवणारा जोर जवळपास संपतो. मग पाय हलका चालतो आणि बोल्टही चार पुरतात. टेकू जिथे चासीला मिळतो तिथे जवळ क्रॉस मेंबर, म्हणजे चासीच्या दोन पट्ट्या जोडणारी आडवी पट्टी, हवा, नाहीतर चासीची पट्टीच पिळली जाते. कमानपाट्याचा शॅकल, स्टेपनीची टोपली आणि एअर टाकी आड येते का, हे लोखंड कापण्याआधी बघावे.

चासीला वेल्डिंग करायचे नाही. ही पट्टी जास्त ताकदीच्या पोलादाची असते. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा धातू बदलतो आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी काही महिन्यांत तिथूनच तडा सुरू होतो. भोके उभ्या भागातच पाडावीत, वरच्या-खालच्या आडव्या पाकळीत कधीच नाही, कारण पट्टीवरचा सर्वाधिक ताण तिथेच असतो. कंपनीने पाडलेली भोके जुळत असतील तर तीच वापरावीत. नवे भोक ड्रिलने पाडावे, गॅसने नाही. त्याच्या मध्यापासून पट्टीची कड किमान व्यासाच्या अडीचपट दूर असावी. चासी कंपनीचे मंजूर ड्रॉइंग हाताशी असेल, तर त्यातल्या मापांपुढे इथला हिशेब बाजूला ठेवावा. त्याची प्रत्यक्ष चाचणी झालेली असते. पुण्यात एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत अशा चाचण्या होतात.

गार्ड शक्यतो गाडीपासून वेगळा, जमिनीवर घोड्यांवर ठेवून बनवावा. गाडीवर जागा जुळवायला वेल्डिंगचे टाके मारावेच लागले, तर आधी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडाव्यात, बीएस-६ गाडीत ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टरही काढावेत. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावावा. तो लांब पुढे लावला तर करंट बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून वाट काढतो. ब्रेकच्या हवेच्या नळ्या नायलॉनच्या असतात, एका ठिणगीने त्यांना भोक पडते. त्या ओल्या गोणपाटाने झाकून घ्याव्यात.

वेल्डिंगला सीओटू मशीन आणि १.२ मिमी तार उत्तम. रॉडनेच करायचे तर ६०१३ ऐवजी ७०१८ चा ३.१५ मिमी रॉड घ्यावा, तोही कोरडा. दमट रॉडमधला हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि तडा नंतर उमटतो. सहा मिमीच्या कोपरा वेल्डचे शंभर मिमी सुमारे ७५ ते ८० किलोन्यूटन पेलतात. तेव्हा पाय आणि तुळई यांच्या सांध्यात प्रत्येक पायाला किमान २५० मिमी लांबीचे वेल्ड भरावे. पातळ नळीची भिंत पायाच्या जागी चेपू नये म्हणून मध्ये ८ मिमीची पॅड प्लेट घालावी. पायाची मागची कड धक्क्यात ताणली जाते. त्या कडेवर वेल्डचा शेवट येऊ देऊ नये, शेवटचा खळगा हीच तड्याची पहिली जागा.

पेटी करताना एक बाजू सलग वेल्ड केली, तर थंड होताना आकसून तुळईला बाक येतो. आधी दर २०० मिमीवर टाके, मग वर-खाली आलटून पालटून ७५-७५ मिमीचे तुकडे, मध्यापासून टोकांकडे. दर टप्प्याला दोरी लावून बघावे. टोकांना झाकणे पक्की बसवावीत आणि तळाला ८ मिमीचे एक भोक ठेवावे. पूर्ण बंद पेटीत कुठून तरी पाणी शिरतेच आणि बाहेर पडायला वाट नसली की नळी आतून गंजते, बाहेरचा रंग मात्र चकचकीत राहतो. रंगाआधी खवले घासून काढावेत, इपॉक्सी प्रायमर द्यावा. मागे परावर्तक पट्टी लाल रंगाचीच.

उंची मोजायची ती रिकाम्या गाडीत, सपाट जागी, टायरमध्ये पूर्ण हवा भरून. जास्त माल भरता यावा म्हणून नंतर पाटे वाढवले, तर गाडी उचलली जाते आणि गार्डही वर जातो. घाटात किंवा गतिरोधकावर गार्ड घासतो, म्हणून पाय कापून तो वर घेण्याची मागणी मालकाकडून येते. कारागिराने ती नाकारावी. घासून झिजलेली तुळई बदलता येते.

टिपरमध्ये अडचण खरी आहे. माल ओतताना हौद्याचे टोक खाली येते, डांबर पसरणाऱ्या पेव्हर यंत्राचे रोलर मागच्या चाकांना टेकावे लागतात, आणि गार्ड मध्ये येतो. मग तो कापून टाकला जातो. त्याऐवजी बिजागरीवर वर घडी होणारा गार्ड करावा. प्रत्येक बाजूची अडकवण पिन २५ मिमीची आणि दोन्ही बाजूंनी कानात धरलेली असावी. अशी साध्या लोखंडाची पिन सुमारे १४० किलोन्यूटनपर्यंत टिकते. एकाच कानात लटकणारी पिन निम्म्यावर येते. पिन साखळीने बांधलेली असावी, आणि चालकाला उतरताच दिसेल अशा बाजूने आत जाणारी असावी. माल ओतून परत निघताना ती न लावल्याचे गार्ड आदळून आवाज करत सांगेल, अशा बेताने बिजागरी ढिली ठेवणारे कारागीरही आहेत. पण तो ढिलेपणा भोके मोठी करतो. बिजागरी घट्टच ठेवावी, आणि पिन बसली नाही तर केबिनमध्ये दिवा लागेल असा साधा स्विच जोडावा.

एम १६ बोल्ट टॉर्क पान्याने सुमारे २०० न्यूटन-मीटरला आवळावेत. रंगाचा थर चासी आणि प्लेटीच्या मध्ये दबून पातळ होतो आणि बोल्ट थोडे सैलावतात, म्हणून पहिल्या हजार किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत. नटावर आणि प्लेटीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली, की पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला नट फिरला की नाही ते खाली वाकून नुसते बघितले तरी कळते.