उबेचा दिवा आणि यूव्हीबीची ट्यूब: सरीसृपांच्या पेटीतला प्रकाश इथवर कसा आला

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्याच्या पेटीत आज एकाच टोकाला दोन दिवे शेजारी शेजारी लावतात. उबेसाठी हॅलोजन आणि अतिनील-बी किरणांसाठी, म्हणजे यूव्हीबीसाठी, टी५ ही बारीक फ्लुओरेसंट ट्यूब. दोन्हींचा प्रकाश एकाच दगडावर पडला पाहिजे. ही मांडणी साधी दिसते, पण ती ठरायला शंभरेक वर्षं लागली, कारण उष्णता आणि अतिनील किरण यांचा अभ्यास दीर्घकाळ दोन वेगळ्या क्षेत्रांत चालला होता. बाजारातले बरेच चुकीचे दिवे त्या ताटातुटीतूनच आले आहेत.

अतिनील किरणांची बाजू मुडदुसापासून सुरू होते. १९१८-१९ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या क्वार्ट्‌झ दिव्याखाली ठेवलं आणि त्यांची हाडं भरून आली. एकाच हातावर प्रकाश टाकला, तरी दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होऊन रक्तावाटे शरीरभर जात होतं. ते ड जीवनसत्त्व होतं.

ही माहिती प्राणिसंग्रहालयांत लवकर पोचली. १९२७ मध्ये लंडन झूचं नवं सर्पालय उघडलं. त्याची आखणी तिथल्या सरीसृपतज्ज्ञ जोन प्रॉक्टर यांची होती. साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते, म्हणून त्यांनी अतिनील किरण आत येऊ देणारी ‘व्हिटाग्लास’ वापरली. शिवाय जागोजागी कमीजास्त ऊब देणारी विजेची व्यवस्था केली. एका छताखाली दोन्ही गोष्टींचा विचार झालेली ही इमारत काळाच्या फार पुढे होती. पेटी खिडकीच्या काचेमागे ठेवून ‘ऊन मिळतंय’ असं समाधान मानणारे लोक आजही भेटतात. त्या उन्हातून प्राण्याला फक्त उष्णता मिळते, आणि बंद काचेच्या टाकीत तीसुद्धा थोड्याच वेळात जीवघेणी होते.

उष्णतेची बाजू उलगडली ती कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी सरडे-सापांच्या शरीराचं तापमान मोजून १९४४ मध्ये निष्कर्ष मांडले. हे प्राणी भोवतालच्या हवेइतकेच गरम किंवा थंड राहतात, ही समजूत त्यांनी मोडली. सरडा ऊन-सावलीत ये-जा करून, अंग उन्हाकडे वळवून आपलं तापमान एका ठरावीक पट्ट्यात राखतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती: त्याला आवडणारं तापमान आणि त्याला मारणारं तापमान यांत काही अंशांचंच अंतर असतं. म्हणून सगळी पेटी एकसारखी ३५ अंशांवर ठेवणं धोक्याचं ठरतं. एक टोक गरम, दुसरं थंड आणि निवड प्राण्याची, हे तत्त्व इथून आलं.

या दोन बाजू त्वचेत एकत्र येतात. साधारण २९५ ते ३०० नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीबी किरण त्वचेतल्या ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल या पदार्थावर पडले की पूर्व-जीवनसत्त्व ड३ तयार होतं. त्याचं खरं ड३ होण्यासाठी मात्र प्रकाश लागत नाही, ऊब लागते. थंड शरीरात हा टप्पा फार रेंगाळतो. शिवाय गारठलेल्या सरड्याचं अन्न नीट पचत नाही, त्यामुळे कॅल्शियम देऊनही उपयोग होत नाही. उत्तम ट्यूब लावूनही हाडं मऊ पडण्यामागे अनेकदा हेच कारण असतं: यूव्हीबी पेटीच्या एका टोकाला आणि ऊब दुसऱ्या टोकाला.

बाजाराने मात्र सोपा रस्ता धरला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘व्हिटा-लाइट’सारख्या ‘फुल स्पेक्ट्रम’ ट्यूब आल्या. डोळ्यांना त्यांचा प्रकाश दिवसासारखा दिसे, पण यूव्हीबी अगदी थोडी होती. उबेसाठी विजेवर तापणारे दगड विकले जात. त्यांवर थर्मोस्टॅट नसे, दगड काही ठिकाणी फार तापे, आणि वरची हवा थंड असल्याने प्राणी तिथेच चिकटून बसे. पोट भाजलेले अजगर आणि इग्वाना पशुवैद्यांकडे येत राहिले. १९९० च्या दशकात अमेरिकेत हिरव्या इग्वानांची लाट आली, तेव्हा वाकलेले जबडे आणि सुजलेल्या मांड्या घेऊन किती पिल्लं मेली असतील, याचा विचार आजही अस्वस्थ करतो. याच दशकात खरी यूव्हीबी देणाऱ्या ट्यूब बाजारात आल्या. त्यांवरचे ‘५.०’ किंवा ‘१०.०’ हे आकडे दिव्याच्या प्रकाशातलं यूव्हीबीचं टक्क्यांतलं प्रमाण फक्त सांगतात. प्राण्याच्या पाठीवर किती यूव्हीबी पोचते, ते अंतर, रिफ्लेक्टर आणि जाळी यांवर ठरतं.

पुढचा धडा २००० नंतरच्या दशकात मिळाला. काही कॉम्पॅक्ट सीएफएल दिव्यांखाली सरड्या-कासवांचे डोळे सुजले, त्यांनी खाणं सोडलं. तपासणीत दिसलं की त्या दिव्यांतून २९० नॅनोमीटरपेक्षा आखूड किरण येत होते. सूर्याचे असे किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. एकूण यूव्हीबी मोजणाऱ्या मीटरवर हा दोष कळत नसे. म्हणून यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची घातकता सांगणारा आकडा, दाखवणारा सोलारमीटर ६.५ हा मीटर लोकांनी जवळ केला. आखूड, जास्त घातक किरणांना तो जास्त वजन देतो.

किती इंडेक्स द्यायचा, याचं उत्तर २०१० मध्ये गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी दिलं. रानात प्राणी जिथे दिसला तिथेच मीटर धरून त्यांनी नोंदी घेतल्या आणि चार पट्टे आखले. पहिला सावलीत किंवा संधिप्रकाशात राहणाऱ्यांचा, सरासरी इंडेक्स ०.७ पर्यंत, चौथा भर उन्हातल्यांचा, २.६ च्या वर. २०१६ मध्ये फ्रान्सेस बेन्स आणि सहकाऱ्यांनी याच पायावर २५४ जातींची यादी बांधली. वॅट आणि टक्क्यांच्या मागे धावण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी प्रामाणिक आहे.

बिअर्डेड ड्रॅगन तिसऱ्या पट्ट्यात धरतात. पट्ट्यांचे आकडे सरासरीचे आहेत; शेकायच्या जागी इंडेक्स त्याहून जास्त, ४ ते ५, दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश, थंड टोक २२ ते २६. १२ टक्क्यांची टी५ ट्यूब रिफ्लेक्टरसह पाठीपासून साधारण ३० ते ३८ सेंटीमीटरवर ठेवतात. मध्ये बारीक जाळी असेल तर तिसरा हिस्सा किंवा जास्त यूव्हीबी तिथेच अडते, त्यामुळे ट्यूब जवळ आणावी लागते. ट्यूब पेटीच्या निम्म्याहून लांब असावी आणि नेहमी वरून असावी. बाजूने आलेले किरण थेट डोळ्यांत जातात, कारण भुवईचा उंचवटा फक्त वरच्या प्रकाशाला आडवा येतो. उबेचा झोत निदान अख्ख्या धडाएवढा रुंद हवा. सिरॅमिक हीटर हवा तापवायला, विशेषतः रात्री, ठीक आहे; हॅलोजनमधून येणारी आखूड अवरक्त ऊब जशी अंगात खोल जाते, तशी त्याची जात नाही. हॅलोजनला मंद-प्रखर करणारा थर्मोस्टॅट लावतात आणि दिव्याला पोर्सिलेनचं होल्डर, कारण प्लास्टिकचं वितळतं. यूव्हीबी ट्यूबचा उजेड तसाच दिसत राहतो, पण अतिनील मारा घटत जातो. मीटर नसेल तर टी५ वर्षाने आणि कॉम्पॅक्ट सहा महिन्यांनी बदलतात.

आपल्याकडे रेड-इअर्ड स्लायडर कासवांसाठी ‘यूव्हीए+यूव्हीबी’ छापलेले स्वस्त पिवळे बल्ब सर्रास विकले जातात. तापत्या तारेच्या काचेच्या बल्बमधून कामाची यूव्हीबी मिळत नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. परदेशातून मागवलेला १२० व्होल्टचा दिवा आपल्या २३० व्होल्टवर लगेच उडतो. मर्क्युरी व्हेपरचा दिवा वीज गेल्यावर थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, म्हणून वारंवार वीज जाणाऱ्या भागात तो गैरसोयीचा. तारांकित कासव आणि घोरपड यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांना घरी ठेवणं गुन्हा आहे, दिवे कितीही चांगले असले तरी. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी जातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि हिरवा इग्वाना त्या यादीत आहे.