डिस्ट्रिब्युटेड व्हर्जन कंट्रोल (डीव्हीसीएस)

कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या सिस्टिमचा एक प्रकार, ज्यात सगळा इतिहास एका सर्व्हरवर अडकून न राहता टीममधल्या प्रत्येकाच्या मशिनवर पूर्ण असतो. गिट आणि मर्क्युरिअल ही त्यातली ओळखीची नावं, हल्ली तर डीव्हीसीएस म्हटलं की लोक गिटच धरतात.

उगम : पहिली नक्की कुठली यावर एकमत नाही. एससीसीएस (१९७२, बेल लॅब्ज) आणि आरसीएस (१९८० च्या दशकाची सुरुवात) एकाच मशिनपुरत्या होत्या, सीव्हीएस आणि नंतरची सबव्हर्जन सेंट्रल सर्व्हरवाल्या, इथपर्यंत कुणाची हरकत नसते. पुढे दोन मतं पडतात. एक मत सन कंपनीच्या टीमवेअरपासून सुरुवात करतं, ही साधारण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची, त्यात प्रत्येकाचा स्वतःचा वर्कस्पेस (कोडची कामापुरती वेगळी प्रत) असायचा, ब्रिंगओव्हर करून बदल आणायचे आणि पुटबॅक करून परत द्यायचे; सनमध्ये त्यावर काम केलेल्या लॅरी मॅकव्हॉयने पुढे बिटकीपर हे डीव्हीसीएस टूल काढलं. दुसरं मत फ्री सॉफ्टवेअरवाल्यांचं, ते टॉम लॉर्डची आर्क (२००१ च्या सुमारास) आणि २००३ च्या आगेमागे आलेल्या डार्क्स, मोनोटोन यांना मान देतं. काम करायची पद्धत टीमवेअरच्या घराण्यातली आणि प्रत्येक आवृत्तीला हॅशने (तिच्या मजकुरावरून काढलेल्या सांकेतिक ओळखक्रमांकाने) ओळखायची कल्पना मोनोटोनसारख्यांची, असं मानणं पुराव्याला जास्त धरून वाटतं.

२००५ ची घडामोड मात्र नीट नोंदलेली आहे. लिनक्स कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) काम २००२ पासून बिटकीपरवर चालायचं, ते फुकट मिळायचं पण अटींवर. अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रॅमरने त्याचा प्रोटोकॉल (सर्व्हरशी बोलायची पद्धत) उलगडायला घेतला, (कॅनबेरातल्या लिनक्स परिषदेत त्याने दाखवलं की सर्व्हरला टेलनेट या साध्या जोडणीच्या प्रोग्रॅमने जोडून 'हेल्प' टाइप केलं की कमांडची यादीच समोर येते, म्हणजे फार मोठी हेरगिरी होती असं नाही) आणि फुकटचा वापर बंद झाला. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने एप्रिलच्या सुरुवातीला गिट लिहायला घेतलं आणि ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच होता. त्याच महिन्यात मॅट मॅकॉलने मर्क्युरिअल जाहीर केलं. जुलैपासून गिटची देखभाल जुनिओ हमानोकडे आहे.

टीममध्ये आणताना : सबव्हर्जनवरून आलेली टीम बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात अडखळते ती कमिटवर, म्हणजे बदल इतिहासात नोंदवण्यावर. सबव्हर्जनमध्ये कमिट केलं की ते सर्व्हरवर गेलं, सगळ्यांना दिसलं. इथे कमिट आपल्याच मशिनवर राहतं आणि पुश (सर्व्हरवर पाठवणं) वेगळं करावं लागतं, त्यामुळे 'मी तर कालच टाकलं' आणि 'मला दिसत नाही' ही जुगलबंदी ठरलेली. रिव्हर्टचंही तसंच, सबव्हर्जनमध्ये ते न कमिट केलेले बदल पुसतं, गिटमध्ये मात्र आधीच्या कमिटला उलटवणारं नवीन कमिट तयार करतं. दुसऱ्यांनी आधीच घेतलेल्या ब्रँचवर (कामाच्या वेगळ्या फांदीवर) रीबेस करून, म्हणजे जुने कमिट नव्याने रचून, फोर्स पुश मारला, म्हणजे सर्व्हरवरच्या इतिहासावर जबरदस्तीने लिहिलं की सगळ्यांचा इतिहास फाटतो, म्हणून मेन ब्रँच लॉक करून ठेवायचा रिवाज आहे. म्हणजे टूल डिस्ट्रिब्युटेड असलं तरी टीम शेवटी एका रिपॉझिटरीलाच (कोड आणि इतिहासाच्या साठ्याला) 'खरी' मानते.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या टीमचं उदाहरण बोलकं आहे. २००९ मध्ये त्यांनी बझार (आणखी एक डीव्हीसीएस), गिट आणि मर्क्युरिअल यांची तुलना करून मर्क्युरिअल निवडलं, पण सबव्हर्जनवरून प्रत्यक्ष हलायला २०११ उजाडलं, आणि मधल्या अडचणींपैकी एक होती विंडोजवरच्या लाइन एंडिंगची (ओळ संपल्याची अदृश्य खूण, जी तिथे वेगळी असते), जी ऐकायला क्षुल्लक वाटते पण नीट सेट केली नाही तर अख्खी फाइल बदललेली दिसते आणि डिफला (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या यादीला) काही अर्थच उरत नाही. २०१७ मध्ये तेही गिटहबवर (गिट रिपॉझिटरी ठेवायच्या वेबसाइटवर) आले. पर्ल ही भाषा २००८ मध्येच परफोर्स या सेंट्रल सर्व्हरवाल्या सिस्टिमवरून गिटवर गेली होती.

मर्यादा : पूर्ण इतिहास प्रत्येकाकडे उतरतो म्हणून मोठ्या बायनरी फायली जड जातात. विंडोजचा सुमारे ३०० जीबीचा कोड गिटवर आणताना मायक्रोसॉफ्टला, लागतील तेवढ्याच फायली उतरवणारी वेगळी फाइल सिस्टिम लिहावी लागली. गेम बनवणाऱ्या बऱ्याच टीम अजून परफोर्सच वापरतात, कारण चित्रं आणि थ्रीडी मॉडेल मर्ज होत नाहीत (दोघांचे बदल एकत्र जोडता येत नाहीत), त्यांना लॉकच लागतो, म्हणजे एका वेळी एकानेच फाइल बदलायची.