दुरुस्त केलेल्या घरावरची घरपट्टी सवलत

जुनं घर दुरुस्त केलं की त्याची किंमत वाढते आणि मागोमाग टॅक्सही वाढतो, तर हा वाढीव टॅक्स काही वर्षं घ्यायचा नाही अशी जी सोय असते ती ही सवलत. सगळी घरपट्टी माफ असं मात्र नाही, जागेचा आणि आधीच्या बांधकामाचा टॅक्स चालूच राहतो. अमेरिकेतल्या शहरांत हे जुनं आहे, न्यूयॉर्कची जे-51 योजना 1955 ची, आणि फिलाडेल्फियात दुरुस्तीमुळं वाढलेल्या किमतीवर 10 वर्षं टॅक्स लागत नाही. लोकांनी पडकी घरं टाकून जाऊ नये एवढाच हेतू.

विदर्भातल्या खेड्यात हिशोब उलटा आहे. इथं घर टॅक्स ग्रामपंचायत लावते, 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 खाली, आणि डिसेंबर 2015 मध्ये नियम बदलल्यापासून तो भांडवली मूल्यावर निघतो. म्हणजे जागेची किंमत अधिक बांधकामाची किंमत, त्यातून घर जितकं जुनं तितका घसारा वजा, मग वापर पाहायचा (घरात दुकान काढलं की जास्त लागते) आणि वरून दर. मातीच्या घराला हजार रुपये मूल्यामागं 30 ते 75 पैसे, आरसीसीला 1.20 ते 2 रुपये, मधला आकडा ग्रामपंचायत ठरवते. आता कुडाच्या भिंती पाडून स्लॅब टाकला तर बांधकामाचा भाव वाढला, घसारा गेला आणि दरही वरचा लागला, तिन्ही बाजूंनी वाढ. नियमात दुरुस्तीसाठी वेगळी सूट नाही.

म्हणून बऱ्याच गावात घर पक्कं होऊन जाते पण नमुना 8 वर (ग्रामपंचायतीची घर टॅक्स आकारणीची नोंदवही) ते वर्षानुवर्षं मातीचंच राहते, कोणी सांगायला जात नाही आणि विचारायलाही कोणी येत नाही. चार वर्षांनी फेरआकारणी आली की मग ओरड होते. खरं तर साध्या डागडुजीला घाबरायचं कारण नाही, पावसाळ्याआधी कवेलू फेरणं (वांदरं दरवर्षी फोडतातच), सपरीचं सारवण, भिंतीला गिलावा यानं ना क्षेत्रफळ बदलत ना घराचा प्रकार, त्यामुळं टॅक्स तोच. घरकुल मिळालं तर मात्र ते नवीन बांधकामच धरतात. अन् कर्जासाठी बँक नमुना 8 मागते तेव्हा त्यावर मातीचं घर दिसलं की लपवलेलं आपल्यालाच नडते, चार पैसे वाचवून काय मिळवलं मग?

सवलती आहेत त्या दुसऱ्याच कारणांच्या. चालू टॅक्स 30 सप्टेंबरपर्यंत भरला तर 5 टक्के सूट, आणि माजी सैनिकांच्या घराला 2020 च्या निर्णयानुसार माफी, पण ती अर्ज केल्याशिवाय आपोआप लागत नाही.

आकारणी चुकीची वाटली तर यादी लागते तेव्हाच लेखी हरकत द्यावी, तोंडी सांगून ग्रामसेवक कुठंच लिहून घेत नाही. हरकत देताना बांधकामाचं वर्ष आवर्जून पाहावं, कारण घसारा त्यावरच निघतो आणि नेमकं तेच अंदाजे टाकलेलं असते. तिथं ऐकलं नाही तर पंचायत समितीकडं अपील करता येते.