अ‍ॅन फ्रँकची डायरी आणि त्याच नावाचा चित्रपट

जॉर्ज स्टीव्हन्स यांचा १९५९चा ‘द डायरी ऑफ अ‍ॅन फ्रँक’ हा चित्रपट पाहिला की डायरी वाचल्यासारखेच झाले, असे अनेकांना वाटते. वास्तविक तो थेट डायरीवर बेतलेला नाही. फ्रान्सिस गुडरिच आणि अल्बर्ट हॅकेट या दांपत्याने डायरीच्या आधारे १९५५मध्ये एक नाटक लिहिले आणि चित्रपटाची पटकथाही त्यांनीच त्या नाटकावरून रचली. मूळ मजकूर आणि पडदा यांच्यामध्ये रंगभूमी उभी आहे, हे लक्षात घेतले की पुढचे बरेच फरक उलगडतात.

कथेचा सांगाडा दोन्हीकडे सारखाच आहे. अ‍ॅमस्टरडॅममधील प्रिन्सेनग्राख्त २६३ या इमारतीच्या मागील भागात ६ जुलै १९४२पासून ४ ऑगस्ट १९४४च्या अटकेपर्यंत अ‍ॅनचे ज्यू कुटुंब नाझींपासून लपून राहिले आणि पुढे आणखी चार जण येऊन तेथे एकूण आठ ज्यू झाले. मात्र डायरी अ‍ॅनला तेराव्या वाढदिवशी, म्हणजे लपण्यापूर्वीच मिळाली होती. चित्रपटात वडील ती लपण्याच्या जागी आल्यावर देतात. सोबत लपलेले श्री. व्हान डान रात्री पाव चोरताना पकडले जातात, हा चित्रपटातील अतिशय ताणाचा प्रसंग डायरीत नाहीच. तेथेच लपलेले दंतवैद्य डुसेल यांच्यावर तर उघड अन्याय झाला आहे. ज्यांच्यावरून हे पात्र घेतले, ते फ्रिट्झ फेफर धर्मश्रद्ध होते आणि हिब्रू जाणत होते; पडद्यावर मात्र ते ज्यू विधींबाबत अनभिज्ञ दिसतात.

हा बदल एकटा नाही. ११ एप्रिल १९४४च्या नोंदीत अ‍ॅन विचारते की ज्यूंना इतरांपासून वेगळे कोणी केले आणि आजवर त्यांनाच इतके का सोसावे लागले. नाटकात त्याऐवजी दुःख कधी एका वंशाच्या, तर कधी दुसऱ्या वंशाच्या वाट्याला येते, अशा आशयाचे सर्वसाधारण विधान आले. व्यापक प्रेक्षकवर्ग मिळवण्याची गरज समजू शकते, पण हे आठ जण ज्यू होते म्हणूनच लपले होते.

माणसे अंतःकरणाने चांगलीच असतात, या अ‍ॅनच्या विश्वासावर चित्रपट संपतो. १५ जुलै १९४४च्या नोंदीत हे वाक्य आहेच. पण त्यालगतच जगाचे हळूहळू वाळवंट होत असल्याचे आणि आपल्याही नाशाचा गडगडाट जवळ येत असल्याचे ती लिहिते. आशा आणि भीती तेथे एकाच परिच्छेदात नांदतात, आणि मला तरी त्या जोडीखेरीज ते वाक्य अपुरे वाटते. छळछावणीतील अ‍ॅनचे दृश्य स्टीव्हन्स यांनी चित्रित केले होते. पूर्वप्रदर्शनानंतर ते वगळले गेले. युद्धाच्या अखेरीस जर्मनीतील डाखाऊची छळछावणी स्वतः कॅमेऱ्यात टिपलेल्या दिग्दर्शकाबाबत हे विशेष नोंद घेण्यासारखे आहे.

कोंडलेली जागा, खालच्या मजल्यावरील पावले आणि श्वास रोखून काढलेले क्षण कृष्णधवल चित्रणामुळे अंगावर येतात, हे मात्र मान्य करायलाच हवे. तो अनुभव पुस्तकापेक्षा पडदाच अधिक थेट देतो.

चित्रपटातून खरोखर हरवते ती लेखिका. मार्च १९४४मध्ये लंडनहून प्रसारित होणाऱ्या डच रेडिओवर परागंदा डच सरकारचे मंत्री गेरिट बोल्केस्टाइन यांनी युद्धकाळातील डायऱ्या आणि पत्रे जतन करण्याचे आवाहन केले. ते ऐकून अ‍ॅनने प्रकाशनाच्या हेतूने आपला मजकूर नव्याने लिहायला घेतला: काही नोंदी गाळल्या, काही जोडल्या, माणसांना टोपणनावे दिली. व्हान डान आणि डुसेल ही नावे तिचीच. हे फेरलेखन अटकेमुळे अपुरे राहिले. आठ जणांपैकी एकटे वाचलेले वडील ऑटो फ्रँक यांनी मूळ नोंदी आणि तिचा सुधारित मसुदा यांतून निवड करून १९४७चे डच पुस्तक सिद्ध केले, त्यामुळे ‘मूळ डायरी’ म्हणून वर्षानुवर्षे वाचली गेलेली संहिताही दोन हस्तलिखितांतून जुळवलेली होती.