सिंगर शिवणयंत्रे : प्रकारभेद व संग्रह

सिंगर कंपनीची जुनी घरगुती शिवणयंत्रे वर्ग (म्हणजे कंपनीने दिलेला मॉडेलचा आकडा), कारखाना व सुटे भाग यांवरून नेमकी ओळखणे आणि त्यांचे वेगवेगळे नमुने जमवणे, असा हा छंद आहे. आयझॅक मेरिट सिंगर यांना अमेरिकेत १८५१ मध्ये पेटंट मिळाले. पुढच्या शंभर वर्षांत कंपनीने कोट्यवधी यंत्रे विकली. त्यामुळे केवळ जुने आहे म्हणून सिंगर मशीन दुर्मीळ ठरत नाही. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ‘शंभर-सव्वाशे वर्षांचा पीस’ म्हणून पुढे केलेले काळे-सोनेरी मशीन त्याच्या निम्म्या वयाचेही निघू शकते.

नवखा माणूस नक्षीवर भाळतो आणि तिथेच फसतो. ही नक्षी म्हणजे ओली करून चिकटवलेली छापील चित्रे, वरून वार्निश दिलेली. स्फिंक्सची प्रसिद्ध नक्षी वर्ग २७ वर आढळते, तशी १२७ वरही. शिवाय आज नवी छापलेली नक्षी विकत मिळते, म्हणजे रंगवून काढलेल्या कुठल्याही मशीनला तिने सजवता येते. खरी ओळख पटते ती सुईखालची सरकपट्टी उघडल्यावर.

वर्ग २७ ची पट्टी सरकवली की खालचा दोरा वाहणारे, बंदुकीच्या गोळीसारखे चकचकीत पोलादी शटल दिसते. त्याच्या पोटात लांबट, काडीसारखी बॉबिन असते, दोन्ही टोकांना चकत्या असलेली. चाक फिरवले की शटल झोपाळ्यासारखे पुढे-मागे हेलकावते. २८ हा त्याचाच पाऊणपट अवतार. १२७ आणि १२८ मध्ये शटल वर उचलून देणारी छोटी कळ आली. ती आहे की नाही हे बोटाने चाचपले, की २७ की १२७ हा वाद बहुधा मिटतो.

वर्ग १५ मध्ये बॉबिन गोल असते आणि डबीत उभी बसते. दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या चकत्या डाव्या टोकाच्या मुखपट्टीवर असतात, आणि सुईत दोरा उजवीकडून डावीकडे ओवतात. आपल्याकडच्या शिंप्यांना ही रचना तोंडपाठ असते, कारण कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगचे ‘उषा’ मशीन याच घडणीचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपाननेही शेकडो नावांनी हीच नक्कल जगभर विकली. मूळ सिंगरमध्ये मात्र उपप्रकार मोजावे लागतात. १५-३० उलटी शिलाई घालत नाही. १५-८८ घालते, पण ते पायाने चालते. १५-९० ला बाहेरून मोटर व पट्टा, तर १५-९१ ची मोटर थेट दात्यांनी जोडलेली.

वर्ग ६६ मध्ये बॉबिन आडवी असते, वरूनच दिसते. ९९ हे त्याचे धाकटे रूप. अमेरिकेत बनलेल्या ६६ वर लाल-सोनेरी ‘रेड आय’ नक्षी येते. त्यातल्या सुरुवातीच्या काहींचा दाबपाय (कापड दाबून धरणारा पाय) मागून स्क्रूने कसतात, त्यामुळे आजचे नेहमीचे पाय त्यांना बसत नाहीत. विकत घेण्यापूर्वी मागे वाकून एवढे पाहावे.

वय सांगतो तो पाटावर, म्हणजे यंत्राच्या सपाट तळावर, ठोकलेला क्रमांक. १९०० पूर्वी नुसते आकडे होते, पुढे अक्षर आले. ‘एफ’ आणि ‘वाय’ स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचे, ‘जी’ न्यू जर्सीतील एलिझाबेथचे, ‘सी’ जर्मनीतील विटनबर्गेचे. ‘एए’, ‘एबी’ वगैरे जोडाक्षरे पुन्हा एलिझाबेथची, ‘जेए’ वगैरे कॅनडातली. मॉडेल आकड्यामागचा ‘के’ (१५के, ९९के) क्लाइडबँक दाखवतो. मात्र क्रमांकावरून मिळणाऱ्या तारखा एका घाऊक तुकडीला क्रमांक वाटून दिल्याच्या असतात, मशीन तयार झाल्याच्या नव्हेत. निळ्या पट्टीचा १८५१–१९५१ असा शताब्दी बिल्ला लोकप्रिय आहे, पण बिल्ला सहज काढून दुसऱ्या मशीनला लावता येतो.

संग्राहकांचे लाडके २२१ ‘फेदरवेट’ १९३३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आले. वजन ११ पौंड, म्हणजे सुमारे ५ किलो. जुन्यांच्या मुखपट्टीवर वेलबुट्टी, नंतरच्यांवर सरळ रेघा. १९६० च्या दशकातले पांढरे २२१ वेगळेच आणि पाटाची फळी आखूड. १९५३ च्या २२२के ला मोकळा हात आहे, म्हणजे बाहीसारखा नळकांडी भाग त्यावर सरकवून शिवता येतो.

बाजारभावाचा फारसा भरवसा धरू नये. २००९ मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ हा अतिमौल्यवान मानलेला काल्पनिक पदार्थ असल्याची अफवा उठली आणि एकेका मशीनची किंमत दोन लाख रियालपर्यंत गेली. पारा अर्थातच कुठेच नव्हता.

सफाई करताना मशीन ऑइल आणि मऊ सुती कापड पुरते. स्पिरिट मात्र लाखेचे वार्निश विरघळवते. कापडावर आधी तपकिरी डाग उमटतो, तो मळ समजून माणूस आणखी घासतो, आणि मग सोनेरी नक्षीच निघून येते.