शब्दसूची आणि विषयज्ञान: दुभाष्याच्या तयारीतील दोन वेगळ्या गोष्टी

एखाद्या विशेष विषयावरचे काम हाती आले की बहुतेक दुभाषे आधी शब्दांची यादी करायला बसतात. एका रकान्यात मूळ संज्ञा, दुसऱ्यात प्रतिशब्द; यादी तोंडपाठ झाली की तयारी पूर्ण झाली असे वाटू लागते. शब्दसूची उपयोगाची असते यात शंका नाही, परंतु तिलाच विषयज्ञान समजण्याची चूक फार सहज होते, कारण दोन्हींची तयारी वरकरणी सारखीच दिसते: तीच कागदपत्रे, तेच वाचन, त्याच संज्ञा. शब्दसूचीतून एखाद्या गोष्टीला काय म्हणतात एवढे कळते, तर ती गोष्ट कशी चालते, कशामुळे बिघडते आणि तिच्याशेजारच्या गोष्टीहून कुठे वेगळी आहे, हे विषयज्ञानातून कळते.

हृदयरोगातील तीन संज्ञा घेऊ. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी अडते आणि त्या स्नायूचा काही भाग मरू लागतो. रुग्ण त्या वेळी शुद्धीवर असू शकतो, बोलूही शकतो. कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचे रक्त पुढे ढकलणेच थांबते आणि रुग्ण काही क्षणांत बेशुद्ध होतो. हार्ट फेल्युअरमध्ये मात्र हृदय चालूच असते, फक्त शरीराला हवे तेवढे रक्त पोहोचवण्याची त्याची ताकद कमी पडते, आणि औषधोपचारांवर असे रुग्ण अनेकदा कित्येक वर्षे जगतात. आता मराठीकडे पाहा. आपल्या बोलण्यात ‘हार्ट फेल झाले’ याचा अर्थ माणूस गेला असा होतो. डॉक्टरांनी नातेवाइकांना हार्ट फेल्युअरचे निदान सांगितले आणि दुभाष्याने यादीतल्या फेल्युअर या शब्दाला धरून ‘हृदय बंद पडले आहे’ असे म्हटले, तर समोरच्या कुटुंबाला मृत्यूची बातमी ऐकू येते. प्रतिशब्द म्हणून ‘हृदय निकामी होणे’ लिहून ठेवले तरी फार फरक पडत नाही. ज्याला हृदयाचे काम कसे चालते हे ठाऊक आहे, तो ‘हृदय चालू आहे, पण रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी झाली आहे’ असे सांगेल.

‘अक्यूट’ या शब्दाचेही असेच आहे. यादीत त्याच्यासमोर ‘तीव्र’ लिहिलेले असते आणि ऐकणाऱ्याला ते ‘गंभीर’ असे वाटते. वैद्यकात मात्र हा शब्द मुख्यतः आजार अचानक सुरू झाला आणि तो थोड्या काळाचा आहे हे सांगतो. अक्यूट ब्रॉन्कायटिस, म्हणजे श्वासनलिकांना अचानक आलेली सूज, पुष्कळदा आपोआप बरा होतो.

न्यायालयात ‘पुरावा’ हा मराठी शब्द दोन वेगळ्या कल्पनांचा भार वाहतो: न्यायालयासमोर मांडलेली सामग्री आणि तिच्या आधारे एखादी गोष्ट सिद्ध होणे. इंग्रजीत यांना एव्हिडन्स आणि प्रूफ असे वेगळे शब्द आहेत. ‘पुरावा आहे, पण आरोप सिद्ध झालेला नाही’ असे मराठीत नेमके बोलायचे असेल, तर हा भेद आधी दुभाष्याच्या मनात स्पष्ट असावा लागतो.

विषयज्ञानाची खरी गरज वक्त्याच्या बरोबरीने बोलत जाताना भासते. त्या वेळी दुभाषा वक्त्याच्या केवळ काही सेकंद मागे असतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे ‘समितीने गेल्या बैठकीत मांडलेला व्याजदरवाढीचा प्रस्ताव’ इथपर्यंत ऐकूनही तो स्वीकारला की फेटाळला हे कळत नाही, आणि इंग्रजीत तर क्रियापद लवकर द्यावे लागते. ज्याला विषय माहीत आहे त्याला पुढच्या वाक्याची दिशा ओळखता येते आणि अंदाज चुकला तर लगेच सावरता येते. शब्दसूची इथे मदतीला येत नाही, कारण वाक्यातला प्रत्येक शब्द आधीच ओळखीचा असतो.

आर्थिक विषयांतही हेच घडते. ‘रोख्यांवरील परताव्याचा दर घसरला, त्यामुळे ज्यांच्याकडे ते आधीपासून होते त्यांचा फायदा झाला’ हे वाक्य अजाण दुभाष्याला चुकीचे ऐकल्यासारखे वाटते, आणि तो नकळत ‘तोटा झाला’ असे बोलून जातो. वास्तविक बाजारातील परताव्याचा दर आणि रोख्याची किंमत एकमेकांच्या उलट दिशेने जातात, कारण रोख्यावरचे ठरलेले व्याज बदलत नाही; बाजारातला दर घसरला की जास्त व्याज देणाऱ्या जुन्या रोख्याला जास्त किंमत मिळते.

शब्दसूची दुय्यम आहे असे मात्र मी म्हणणार नाही. औषधांची व रसायनांची नावे, संस्थांची अधिकृत नावे आणि लघुरूपे कितीही समजूत असली तरी आतून सुचत नाहीत. ती लिहूनच ठेवावी लागतात. त्यातही ‘एम. एस.’ हे लघुरूप मज्जासंस्थेच्या चर्चेत मल्टिपल स्क्लेरोसिस असते, तर हृदयाच्या चर्चेत मायट्रल स्टेनोसिस. यादीत दोन्ही असतील, पण निवड विषय कळल्याशिवाय होत नाही.

विषयज्ञान म्हणजे तज्ज्ञता नव्हे, हेही येथेच सांगायला हवे. थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिन या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. बोलण्याच्या ओघात कोणी ‘५० मिलिग्रॅम’ म्हणाले, तर ती मात्रा हजारपट होते आणि जाणत्या दुभाष्याच्या कानाला हे लगेच खटकते. तरीही आकडा आपल्या मनाने दुरुस्त करणे हे त्याचे काम नाही. थांबून ‘मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम?’ असे विचारणे एवढेच त्याने करावे, आणि एवढे विचारता यावे यासाठीच तर हा अभ्यास असतो.

वेळ थोडा असेल तर क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. आधी विषयाची ओळख करून देणारा एखादा मजकूर दोन्ही भाषांत वाचावा, प्रक्रियेची आकृती स्वतःच्या हाताने काढावी, वक्त्याची सादरीकरणे आयोजकांकडून आग्रहाने मागून घ्यावीत, आणि त्यातून जे शब्द अडतील तेवढेच यादीत घ्यावेत. अशी यादी लहान होते आणि तिला तिसरा रकाना लागतो. त्या रकान्यात हार्ट फेल्युअरसमोर ‘हृदय चालू असते’ एवढे तीनच शब्दांचे टिपण आधी लिहिलेले असले, तर नातेवाइकांसमोर बसल्यावर योग्य वाक्य शोधत बसावे लागत नाही.