मोठ्या आतड्याचा कर्करोग: शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीचा निर्णय

मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढल्यावर रुग्णाला केमोथेरपी द्यायची का, दिली तर कोणती आणि किती महिने, हे ठरवण्याची वैद्यकीय प्रक्रिया. या केमोथेरपीला पूरक केमोथेरपी म्हणतात. गुदाशयाचा कर्करोग आणि यकृत किंवा फुप्फुसात आधीच पसरलेला रोग यांचे निकष वेगळे असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

‘गाठ पूर्ण निघाली ना, मग केमो कशाला?’ हा घरच्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच काही पेशी रक्तातून किंवा लसिकावाहिन्यांतून निसटून दूर जाऊन बसलेल्या असू शकतात. स्कॅनमध्ये त्या दिसत नाहीत. वर्ष-दोन वर्षांनी त्यांची गाठ झाली की मगच कळते. म्हणजे समोर रोग दिसत नसताना, तो परत येण्याच्या शक्यतेवर उपचार करायचा असतो. या निर्णयाचे सारे अवघडपण इथे आहे.

पहिला आधार म्हणजे पॅथॉलॉजीचा अहवाल. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आणि जवळच्या लसिकाग्रंथींत कर्करोग सापडला का, या दोन गोष्टींवरून टप्पा ठरतो. किमान १२ लसिकाग्रंथी तपासलेल्या असाव्यात असा संकेत आहे. पाच-सहाच तपासून ‘ग्रंथी स्वच्छ’ म्हणणे म्हणजे चार घरे पाहून गावात साथ नाही असे सांगण्यासारखे आहे. अहवाल हाती आल्यावर रुग्णाने हा आकडा जरूर विचारावा.

पहिल्या टप्प्यात केमोथेरपी लागत नाही. शस्त्रक्रियेनेच ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे लसिकाग्रंथींत रोग पोहोचला असेल तर, ती द्यावी याविषयी १९९० पासून मतभेद उरलेला नाही. त्या वर्षी अमेरिकेत फ्लुरोयुरॅसिल या औषधाचा फायदा चाचणीत स्पष्ट झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मोझॅइक’ चाचणीत २,२४६ रुग्ण होते. फ्लुरोयुरॅसिलला ऑक्झॅलिप्लॅटिनची जोड दिल्यावर तीन वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ७२.९ वरून ७८.२ टक्क्यांवर गेले.

ऑक्झॅलिप्लॅटिनची किंमत मात्र नसा मोजतात. फ्रिजमधली बाटली हातात धरली तरी झिणझिण्या येतात आणि काहींच्या तळपायांचा बधिरपणा उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षे टिकतो. शिवणकाम करणाऱ्या बाईला किंवा बांधावरून चालणाऱ्या शेतकऱ्याला हा किरकोळ त्रास नव्हे. त्यामुळे ‘सहा महिने की तीन?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. सहा चाचण्यांतील १२,८३४ रुग्णांची माहिती एकत्र करणाऱ्या ‘आयडिया’ अभ्यासाने २०१८ मध्ये त्याचे बरेचसे उत्तर दिले. एक ते तीनच ग्रंथी बाधित असतील आणि गाठ भिंतीबाहेर फुटलेली नसेल, तर कॅपेसिटॅबिनच्या गोळ्या आणि ऑक्झॅलिप्लॅटिन तीन महिने पुरतात. चार किंवा अधिक ग्रंथी बाधित असल्यास किंवा गाठ फार खोल गेली असल्यास सहा महिन्यांचा विचार होतो.

खरा पेच दुसऱ्या टप्प्याचा. गाठ भिंतीतून आरपार गेली आहे, पण ग्रंथी स्वच्छ आहेत. यांतले बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनेच बरे झालेले असतात. २००७ च्या ‘क्वासार’ चाचणीत प्रामुख्याने असेच रुग्ण होते. त्यानुसार शंभर जणांनी केमो घेतली तर तीन-चार जणांचे प्राण जास्तीचे वाचतात. बाकीच्यांच्या वाट्याला फक्त त्रास येतो. ऑक्झॅलिप्लॅटिनची भर घालूनही ‘मोझॅइक’मधील या टप्प्याच्या रुग्णांचे आयुर्मान वाढले नाही. म्हणून सरसकट केमो न देता धोक्याची चिन्हे पाहतात: गाठ आतड्याच्या बाहेरच्या आवरणापर्यंत किंवा शेजारच्या अवयवात गेलेली असणे, आतडे फुटलेले किंवा तुंबलेले असणे, १२ पेक्षा कमी ग्रंथी तपासलेल्या असणे, रक्तवाहिन्यांत किंवा नसांभोवती पेशी आढळणे. ही सगळी चिन्हे सारख्या वजनाची नाहीत. पहिल्याचे वजन विशेष.

याच टप्प्यात एक तपासणी चुकवू नये. डीएनएमधील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा निकामी झालेली असेल, तर त्या गाठीला एमएसआय-हाय म्हणतात. अशा गाठी परत येण्याची शक्यता कमी असते आणि एकट्या फ्लुरोयुरॅसिलचा त्यांना उपयोग होत नाही. म्हणजे एका तपासणीने केमो टळू शकते. शिवाय तिच्यातून कुटुंबात चालत आलेल्या, कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या लिंच सिंड्रोमचा सुगावा लागू शकतो, म्हणून ती भावंडांसाठी आणि मुलांसाठीही मोलाची आहे.

आता रक्तात तरंगणारे गाठीचे डीएनए शोधून उरलेल्या रोगाचा थेट माग काढता येऊ लागला आहे. ऑस्ट्रेलियातील ‘डायनॅमिक’ चाचणीत (२०२२) दुसऱ्या टप्प्यातील ४५५ रुग्ण होते. या तपासणीच्या आधारे निर्णय घेतल्यावर २८ ऐवजी १५ टक्के रुग्णांनाच केमो द्यावी लागली, आणि दोन वर्षांनी रोग न परतण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे राहिले.

टप्प्याइतकाच माणूसही पाहावा लागतो. सत्तरीनंतर ऑक्झॅलिप्लॅटिनचा जादा फायदा फारसा दिसत नाही; तेव्हा एकटे कॅपेसिटॅबिन किंवा फ्लुरोयुरॅसिल देतात. ही औषधे शरीरात मोडणारे डीपीडी हे विकर काहींत जन्मतः कमी असते आणि नेहमीची मात्राही त्यांच्या जिवावर बेतू शकते; रक्ततपासणीने हे आधी कळते. उपचार ठरला तर तो शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू करतात. केमो न घेणाऱ्यांनाही पाच वर्षे नियमित सीईए (रोग परतल्यास रक्तात वाढू शकणारे प्रथिन) रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन, तसेच साधारण वर्षभराने कोलोनोस्कोपी करावी लागते.